वाचकांचे प्रश्न : गर्भारपणात वाढलेले एसजीपीटी

गर्भारपणातील रक्तदाबावर मागच्या अंकात टिपण आले. त्यानंतर श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांत रक्तदाबापेक्षा यकृताच्या रिपोर्टाविषयीच अधिक विचारणा आहे. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतला आहे. पत्रे थोडी आवरती केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (देवगड तालुका) : मी नोकरीनिमित्त मुंबईला असतो. पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी गावी माहेरी गेली होती. आठव्या महिन्यात तिला तीन दिवस पोटात वरच्या बाजूला दुखत होते आणि उलट्या होत होत्या. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब १६८/११२, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, एसजीओटी १८६, एसजीपीटी १६४, एलडीएच ७४० आणि प्लेटलेट ९२ हजार निघाल्या. ३३ आठवडे पुरे झाले होते. दुसऱ्या दिवशी सिझेरियन केले. बाळ १,५५० ग्रॅमचे आहे, दोघेही आता बरी आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की ही कावीळ होती, आणि आधी यकृतावर औषध करून मग बाळंतपण केले असते तर बाळ पुऱ्या दिवसांचे झाले असते. यात तथ्य आहे का? तिच्या यकृताला कायमची इजा झाली आहे का?

उत्तर : आधी यकृत आणि मग बाळंतपण हा क्रम या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात (गर्भारपणात रक्तदाब चढून अवयवांना इजा करणाऱ्या आजारात), लावता येत नाही, कारण बिघाडाचे मूळ यकृतात नसून वारेत असते. गर्भ रुजल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, पीळदार रोहिण्यांत शिरून त्या रुंद करतात, म्हणजे पुढे बाळ वाढू लागल्यावर त्याला रक्त कमी पडू नये. काही स्त्रियांमध्ये हे काम अर्धवट राहते. रक्त अपुरे मिळणारी वार मग आईच्या रक्तात अशी काही प्रथिने सोडू लागते की त्यांनी तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. रक्तदाब चढणे, लघवीतून अल्ब्युमिन जाणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, झटके येणे हे सगळे त्या एकाच बिघाडाचे निरनिराळ्या अवयवांत दिसणारे परिणाम होत. यकृतातल्या सूक्ष्म वाहिन्यांत फायब्रिनचे धागे साचतात, तिथल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही आणि दुखावलेल्या पेशींतली विकरे रक्तात उतरतात. रिपोर्टावर एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणून छापलेले आकडे या विकरांचे असतात. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला असताना तो खाली ओढल्याने वादळ परतत नाही, तसेच या आकड्यांचे आहे. शिवाय हा आकडा खाली आणणारे औषधच या आजारात नाही. लिव्हरचे टॉनिक म्हणून जी सिरपे सर्रास लिहून दिली जातात, त्यांनी प्रीएक्लॅम्प्सियाची गती मंदावते असे कुठेही सिद्ध झालेले नाही.

आता तुम्ही पाठवलेला कागद वाचू. एसजीओटी आणि एसजीपीटी साधारणपणे ४० युनिटांच्या आत असतात, आणि निरोगी गर्भारपणात ते वाढत नाहीत, उलट किंचित कमी असतात. त्याच कागदावरचे अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट दिसले तरी त्यात वावगे काही नाही, कारण ते वारही तयार करते. ठळक अक्षरांत छापलेला तो आकडा पाहून धास्तावलेले नातेवाईक मला बरेच भेटतात, आणि खरा बोलका आकडा त्याच्या दोन ओळी वर साध्या अक्षरांत असतो. एसजीओटी किंवा एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट झाले, म्हणजे साधारण ८० च्या वर गेले, आणि त्याला दुसरे कारण सापडत नसेल, तर प्रीएक्लॅम्प्सिया गंभीर झाला असे मानतात, मग रक्तदाब १६०/११० पर्यंत पोहोचलेला नसला तरीही. तुमच्या पत्नीच्या बाबतीत त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी होत्या. प्लेटलेट एक लाखाच्या खाली होत्या, आणि एलडीएच ६०० च्या वर होते, म्हणजे अडलेल्या वाहिन्यांतून जाताना तांबड्या पेशी फुटत होत्या. तांबड्या पेशींची तोडफोड, वाढलेली यकृताची विकरे आणि घटलेल्या प्लेटलेट या तिघांच्या एकत्र येण्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये या नावाने त्याची मांडणी केली. गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या साधारण दहा ते वीस टक्के स्त्रियांत तो आढळतो.

कावीळ म्हणावी तर डोळे पिवळे व्हायला हवेत, रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य चांगलेच वाढायला हवे. तुमच्या कागदावर ते १.४ आहे. तांबड्या पेशी फुटल्याने इतके वाढणे स्वाभाविक आहे, आणि तेवढ्याने डोळ्यांत पिवळेपणा दिसतही नाही.

पित्ताबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे याच ठिकाणी वेळ हातची जाते. यकृत सुजले की त्याच्यावरचे पातळ आवरण ताणले जाते, आणि त्या ताणाची कळ उजव्या बरगड्यांखाली किंवा मधोमध, बरगड्या जुळतात त्याच्या खाली, उमटते. कधी ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते. रात्री वाढते. जोडीला मळमळ आणि उलटी असते. ऐकणाऱ्याला हे वर्णन हुबेहूब पित्ताचे वाटते. सातव्या-आठव्या महिन्यात बहुतेक बायकांना खरोखरच जळजळ होत असल्याने घरची मंडळी ओवा, सोलकढी, थंड दूध देऊन पाहतात आणि दवाखान्यातही पित्ताचीच गोळी मिळते. जळजळ घशाशी येते, जेवणानंतर वाढते आणि गोळीने शमते. ही कळ खोल, सततची असते आणि गोळीला दाद देत नाही. पण लक्षणांवरून निवाडा करीत बसण्यात अर्थ नाही. वीस आठवड्यांनंतरच्या कोणत्याही गर्भवतीला पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर पित्ताची गोळी लिहिण्यापूर्वी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहावा आणि लघवी तपासावी, हे काम पाच मिनिटांचे आहे. हेल्प झालेल्या काही स्त्रियांत, साधारण दहा ते वीस टक्क्यांत, रक्तदाब वाढलेला किंवा लघवीत अल्ब्युमिन सापडत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणून कळ थांबत नसेल तर प्लेटलेट आणि एसजीओटी-एसजीपीटी त्याच दिवशी पाहावेत. पहिल्या दवाखान्याचे नाव तुम्ही लिहिले आहे, ते येथे दिलेले नाही. अशी चूक एकाच दवाखान्यात होते असे नाही.

थांबता आले असते का, हा तुमचा मुख्य प्रश्न. केवळ रक्तदाब चढलेला असेल, तो औषधांनी आवाक्यात येत असेल आणि रक्ताचे अहवाल ठीक असतील, तर ३४ आठवड्यांपर्यंत रुग्णालयात ठेवून, रोज तपासून थांबतात. हेल्प सुरू झाल्यावर थांबण्यात आईचा जीव टांगणीला लागतो, कारण प्लेटलेट एका दिवसात निम्म्यावर येऊ शकतात. त्या ७०-८० हजारांच्या खाली गेल्या की भूलतज्ज्ञ कण्यात सुई द्यायला कचरतात आणि पूर्ण भूल द्यावी लागते. वार वेळेआधी सुटणे, रक्त न गोठणे, मूत्रपिंड बंद पडणे, मेंदूत रक्तस्राव होणे आणि क्वचित यकृताच्या आवरणाखाली रक्त साचून ते फुटणे, असे धोके त्यापुढे उभे असतात. आईची प्रकृती स्थिर असेल तर फार तर एखादा दिवस, क्वचित दोन दिवस घेतात, ते बाळाच्या फुप्फुसांना बळ देणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांसाठी. तुमच्या पत्नीला बेटामेथासोनचे पहिले इंजेक्शन दाखल होताच मिळाले होते, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट आहे. तो एक दिवस वाया गेलेला नाही.

त्याच कार्डावर मॅग्नेशियम सल्फेटची नोंद आहे. ते रक्तदाबाचे औषध नाही. ते झटके रोखते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत सुमारे दहा हजार स्त्रियांचा समावेश होता, आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याने घटल्याचे तीत दिसले. तुमच्या सासूबाईंनी लिहिले आहे की परिचारिका दर थोड्या वेळाने येऊन मुलीच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारायची, श्वास मोजायची आणि लघवीची पिशवी उजेडात धरून पाहायची, आणि त्याचा त्यांना राग आला. मॅग्नेशियम शरीरात जास्त साठले तर सर्वांत आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, मग श्वास मंदावतो. आणि ते बाहेर पडते लघवीवाटे, त्यामुळे लघवी ताशी ३० मिलीलिटरच्या खाली गेली तर पुढचा डोस थांबवतात. त्या हातोडीवर तिची सुरक्षितता अवलंबून होती.

यकृताला कायमची इजा झालेली नाही. यकृताच्या पेशी पुन्हा भरून येतात, आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या आत विकरांचे आकडे बहुधा पूर्वस्थितीला येतात. तुम्ही पाठवलेला दहाव्या दिवसाचा अहवाल तसाच आहे. एक तपासणी मात्र राहिली आहे. गंभीर प्रीएक्लॅम्प्सियामुळे ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण झाले असेल तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी करतात, आणि ती सकारात्मक आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करून घेतात. तुमच्या डॉक्टरांना याबाबत अवश्य विचारा.

प्रश्न (राजापूर तालुका, आशा स्वयंसेविका) : लावणीच्या दिवसांत आमच्याकडे ताप, कमी प्लेटलेट आणि वाढलेले एसजीपीटी असलेले रुग्ण बरेच असतात. त्यात गरोदर बाई असेल तर लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू की रक्तदाबाचा आजार, हे कसे ओळखावे? आणि लेप्टोसाठी वाटल्या जाणाऱ्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या तिला द्याव्यात का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. डॉक्सीसायक्लिन गरोदर स्त्रीला देऊ नये. या गटातली औषधे बाळाच्या दातांत आणि हाडांत साठतात. ती चिखलात लावणी करीत असेल तर तिचे नाव वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे, आणि पायाला जखम असताना तिने वाफ्यात उतरू नये असे घरच्यांना सांगावे. लेप्टोची शंका आल्यास गर्भारपणात चालणारी पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोन, अझिथ्रोमायसिन यांसारखी औषधे आहेत.

ओळखण्याबाबत तुम्ही विचारलेला प्रश्न अनुभवी डॉक्टरांनाही चकवतो, म्हणून रिपोर्टातल्या दोन आकड्यांवर भिस्त ठेवू नका. ताप आणि रक्तदाब आधी पाहा. प्रीएक्लॅम्प्सियात ताप नसतो. डेंग्यूत आणि लेप्टोत रक्तदाब बहुधा नेहमीइतका किंवा घसरलेला असतो, चढलेला नसतो. लेप्टोत पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात, लघवी कमी होते, आणि एसजीपीटी थोडेसेच वाढलेले असताना बिलिरुबिन भलतेच वाढलेले दिसते. डेंग्यूत रक्त घट्ट होते, म्हणजे हिमॅटोक्रिट वर जाते. मलेरियाची तपासणी तर तुमच्याकडेच होते. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई हा शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेततो. त्यात डोळे पिवळेधमक होतात आणि एसजीपीटी अनेकदा हजाराच्या पुढे जाते, हेल्पमध्ये मात्र ते बहुधा काही शेकड्यांतच राहते. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, त्यातही प्लेटलेट घटतात. पण तो आजार पावसाळ्यातला नव्हे, त्याचा काळ हिवाळा सरताना सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. तळहात-तळपाय रात्री खाजतात आणि रक्तदाब ठीक आहे, अशी बाई असेल तर ती पित्तरस अडल्याची खाज असू शकते. तिचे उपचार वेगळे आणि तिला धावपळ करून रुग्णवाहिकेत घालण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे, कारण त्या आजारात बाळावर लक्ष ठेवावे लागते.

एक आजार हेल्पसारखाच दिसतो आणि त्याहून घातक आहे, तो म्हणजे गर्भारपणातला तीव्र फॅटी लिव्हर. उलट्या थांबत नाहीत, तहान फार लागते, रक्तातली साखर घसरते आणि रक्त गोठण्याचा वेळ लांबतो. ग्लुकोमीटर तुमच्या उपकेंद्रात असतो. वाढलेल्या एसजीपीटीबरोबर साखर ६० च्या आसपास दिसली, तर तो कागद हातात घेऊन लगेच फोन करा.

वीस आठवडे उलटलेली, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असलेली आणि डोकेदुखी, अंधारी किंवा पोटाच्या वरच्या भागातली कळ सांगणारी बाई ताप असला तरी प्रीएक्लॅम्प्सियाचीच समजून पाठवावी. दोन्ही आजार एकाच बाईला एकाच वेळी होऊ शकतात. रक्तदाब १६०/११० असेल तर तिला डाव्या कुशीवर निजवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तेवढ्यात १०८ ला फोन लावलेला असू द्या. प्रशिक्षित आरोग्यसेविका रवाना करण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचे पाच ग्रॅमचे इंजेक्शन प्रत्येक कुल्ल्यात खोल देऊ शकतात, आणि रक्तदाब उतरवणारी गोळी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून देता येते. ती गोळी गिळायची असते, जिभेखाली फोडून ठेवायची नसते. दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ चिठ्ठीवर लिहा. पुढच्या रुग्णालयात सर्वांत आधी तेच विचारतात आणि तेच कोणाला सांगता येत नाही.

कुठे पाठवायचे, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्लेटलेट मिळणारी रक्तपेढी आणि नवजात बालकांचा विशेष कक्ष या दोन्ही गोष्टी जिथे आहेत तिथेच तिला न्यायला हवे, मधल्या दोन ठिकाणी उतरवून नव्हे. पाचलच्या बाजूची माणसे अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठतात, पण दरड कोसळली की तो मार्ग बंद होतो. रक्तदाब वाढू लागलेली बाई तुमच्या यादीत असेल तर आठव्या महिन्यापासून तिला रत्नागिरीत किंवा रुग्णालयाजवळ एखाद्या नातेवाइकाकडे ठेवण्याचे घरच्यांना पटवून द्या. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, रक्त, औषधे आणि वाहतूक मोफत आहे, हेही त्यांना सांगा. पैशाच्या काळजीने एक रात्र काढणारी घरे अजून आहेत.

प्रश्न (श्रीवर्धन) : माझ्या सुनेचे लिव्हर बिघडले म्हणून साडेसात महिन्यांतच बाळंतपण झाले. नात १,४५० ग्रॅमची असून काचेच्या पेटीत आहे. तिला तिसऱ्या दिवशी कावीळ झाली. ही आईकडून आली का? आईचे दूध बाधेल म्हणून वरचे दूध सुरू करावे का? घरी आणल्यावर काय पाळावे?

उत्तर : काकू, सुनेच्या यकृतातली विकरे वार ओलांडून बाळाकडे जात नाहीत, आणि तिच्या दुधात तर काहीच उतरत नाही. नातीला झालेली कावीळ ही वेगळी गोष्ट आहे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे यकृत कच्चे असते, त्याला बिलिरुबिन बाहेर टाकण्याचे काम झेपत नाही. त्यातच वारेतून कमी प्राणवायू मिळालेली बाळे तांबड्या पेशी जास्त तयार करतात, आणि त्या जन्मानंतर मोडू लागल्या की पिवळेपणा वाढतो. निळ्या दिव्याखाली ठेवण्याचा उपचार त्यासाठीच आहे. अंगणातल्या उन्हाने तो साधत नाही आणि इतके लहान बाळ उघडे केले की गारठते.

आईच्या आजाराचा बाळावर जो परिणाम होतो, तो वारेमार्गे आणि लवकर जन्मण्यामुळे होतो. वजन कमी भरते, अंगावर चरबी नसल्याने ऊब टिकत नाही, साखर उतरते, फुप्फुसे कच्ची असल्याने धाप लागते. काही बाळांत पहिले काही दिवस प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असतात, म्हणून त्यांचे रक्त पुन्हा पुन्हा घेतात. टाचेला टोचलेले पाहून जीव कळवळतो हे खरे, पण त्याला इलाज नाही. आईला मॅग्नेशियम दिलेले असेल तर बाळ पहिला एखादा दिवस मलूल राहू शकते, मग सावरते.

दूध आईचेच द्यावे, आणि ते पहिल्या दिवसापासून काढावे. कच्च्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना घातक असा एक आजार होतो, त्यापासून वाचवणारे याहून चांगले साधन नाही. रक्तदाबासाठी सामान्यतः देतात ती लॅबेटॅलॉल आणि निफेडिपिन ही औषधे अंगावर पाजताना चालतात. एवढ्या लहान बाळाला ओढून पिता येत नाही, म्हणून आधी नळीने आणि पुढे पलाडे नावाच्या चोचीच्या छोट्या भांड्याने पाजतात. आपले जुने बोंडले आठवा, त्याचाच हा भाऊबंद. भांड्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायची, दूध ओतायचे नाही, बाळाला जिभेने चाटून घेऊ द्यायचे, आणि एक घोट गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यायचा. सुनेला सुरुवातीला चमचाभरच चीक निघेल. तेवढा पुरतो, आणि दर दोन-तीन तासांनी हाताने काढत राहिले तर दूध वाढते. रात्रीची वेळ चुकवू नये.

घरी आल्यावर नातीला आईच्या उघड्या छातीशी, पाठीवर कापड गुंडाळून, दिवसाचे जास्तीत जास्त तास ठेवा. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. आई थकली की तुम्ही ठेवा, मुलानेही ठेवावे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओव्या-वेखंडाची धुरी करू नका, ती फुप्फुसे धूर सोसण्याजोगी नाहीत. गुटी, मध, ग्राइपवॉटर काहीही नको. आणि एक गोष्ट कोणी सांगायला विसरले असेल तर मी सांगते : ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतील तर वेळेवर लेझरने थांबवता येतात, उशीर झाला तर दृष्टी जाते. बाळ बाहेरून कितीही टवटवीत दिसले तरी ही तारीख चुकवू नका.

प्रश्न (गुहागर) : रक्तदाब वाढलेल्या गरोदर मुलीचे मीठ, सुकी मासळी आणि लोणचे पूर्ण बंद केले आहे. त्याने लिव्हर वाचेल का?

उत्तर : नाही. मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही आणि झालेला बरा होत नाही. अळणी जेवण खाऊन मुलीचे जेवणच कमी होते, ते मात्र बाळाला महागात पडते. सुकट, बोंबील, खारातली कैरी रोज ताटभर खाऊ नये, एवढेच पुरे. आहारात ज्याचा खरा उपयोग आहे ते कॅल्शियम. सरकारी केंद्रातून चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन गोळ्या मिळतात, त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत, कारण मग लोह नीट शोषले जात नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडून मुळी किंवा रस आणून देण्याचा विचार पत्रात आहे, तो सोडून द्यावा. त्यात काय असते ते कोणी तपासलेले नसते, आणि काही वनस्पती स्वतःच यकृताला इजा करतात.

प्रश्न (वेंगुर्ले) : माझे ३६ व्या आठवड्यात सिझेरियन झाले. आदल्या दिवशी एसजीपीटी ९० होते, बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी २१० झाले आणि प्लेटलेट आणखी घटल्या. बाळंतपण हाच उपाय असेल तर आकडे वाढले कसे? चौथ्या दिवशी घरी सोडले, आता रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दुसरे मूल होऊ द्यावे का?

उत्तर : वार निघाली म्हणजे तिने रक्तात सोडलेली प्रथिने त्याच क्षणी नाहीशी होत नाहीत. हेल्पमध्ये प्लेटलेट सर्वांत खाली आणि विकरे सर्वांत वर असण्याची वेळ बहुधा प्रसूतीनंतरच्या २४ ते ४८ तासांत येते, आणि मग उतार सुरू होतो. हेल्पच्या जवळजवळ तीस टक्के रुग्णांत तर तो बाळंतपणानंतरच प्रथम दिसतो. त्यामुळे तुमच्या आकड्यांवरून शस्त्रक्रियेत काही चुकले असा निष्कर्ष निघत नाही. चौथ्या दिवसानंतरही प्लेटलेट वाढत नसत्या तर मात्र डॉक्टरांनी दुसरे कारण शोधले असते.

माझी काळजी आकड्यांपेक्षा घरी सोडण्याच्या दिवसाची आहे. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान सर्वाधिक चढतो, म्हणजे नेमका घरी पोहोचल्यावर, पाहुण्यांच्या गर्दीत. डोके ठणकले तर बाळंतिणीला वारा लागला म्हणतात, आणि कानाला रुमाल बांधून निजवतात. झटके बाळंतपणानंतरही येतात. ठणकणारे डोके, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागातली कळ किंवा धाप यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला रुग्णालयात जावे. काही नसले तरी पहिल्या आठवड्यात एकदा आणि सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. तुमच्या गोळ्यांत मिथाइलडोपा आहे. हे औषध गर्भारपणात वर्षानुवर्षे वापरले गेले आहे, पण क्वचित ते स्वतःच एसजीपीटी वाढवते आणि बाळंतपणानंतर मन उदास करते, म्हणून ते बदलता येईल का हे विचारून घ्या. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. तीन महिन्यांनंतरही एसजीपीटी वाढलेलेच असेल तर त्याचा दोष गर्भारपणाला देता येणार नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, पित्ताशयातले खडे, फॅटी लिव्हर यांचा शोध घ्यावा लागेल.

दुसरे मूल होऊ देण्यास मनाई नाही. धोका इतरांपेक्षा जास्त आहे, आणि तो तुम्हाला झालेला आजार किती लवकर सुरू झाला होता त्यावर अवलंबून असतो. ३६ व्या आठवड्यात झालेला असल्याने तुमचा धोका देवगडच्या त्या मुलीपेक्षा कमी आहे. निदान दीड-दोन वर्षांचे अंतर ठेवा. तोवर तांबी बसवून घेणे सोयीचे, संमिश्र गर्भनिरोधक गोळ्या रक्तदाब स्थिरावेपर्यंत आणि अंगावर पाजणे चालू असेतो नकोत. मधल्या काळात वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर पाहत जा, कारण ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढच्या आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता अधिक असते, आणि चाळिशीनंतर ज्यांच्याकडे जाल ते डॉक्टर बाळंतपणाविषयी विचारत नाहीत. पुन्हा दिवस राहिले की बाराव्या आठवड्याच्या आत तज्ज्ञांकडे जा आणि हे डिस्चार्ज कार्ड व सगळे रिपोर्ट बरोबर न्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅस्प्रे चाचणीत, धोका जास्त असलेल्या स्त्रियांनी रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेतल्यावर ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया सुमारे ६० टक्क्यांनी घटला. ही गोळी सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू झाली तरच तिचा पुरेसा उपयोग होतो. मात्रा किती घ्यायची हे तज्ज्ञ ठरवतील, आणि साधारण ३६ व्या आठवड्यात ती बंद करतात.